‘जमेल का?’



कविसंमेलनात सूत्रसंचालकाचं सगळ्यांत अवघड काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, रंगात आलेल्या कवीला खाली बसवणं. ‘शेवटची एक’ म्हणून तो तीन कविता म्हणतो. व्यासपीठावरून चिठ्ठी पाठवली तर तिला फर्माइश समजतो. मीही त्यातलाच एक आहे, तेव्हा कबुलीच देतो. मला कुणी ‘अजून म्हणणार का?’ असं विचारलं, तर मी आजवर एकदाही ‘नाही’ म्हटलेलं नाही.

समोरच्या माणसाला थांबवायचं कधी आणि थांबवायचं कुणी, हा प्रश्न केवढा मोठा असू शकतो, हे मला २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात समजलं. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता तिथं गेलो होतो. घरात नातू आणि गावात बेसबॉल, अशी दोन्ही धामधूम एकदमच सुरू होती. टोरांटोचा ब्लू जेज हा संघ १९९३ नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेत पोचला होता. समोर लॉस एंजेलिसचा डॉजर्स हा आदल्या वर्षीचा विजेता संघ. सातपैकी चार सामने जिंकेल तो अजिंक्य.

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. जावयानं क्रिकेटच्या भाषेत समजावून सांगितलं. ते म्हणाले, ‘अब्बा, आपल्याकडे बोलर असतो तसा इथं पिचर. पण आपला बोलर सहा चेंडू टाकून विसावा घेतो, दुसऱ्या टोकाकडून दुसरा येतो. इथं एकच माणूस टाकत राहतो. आणि एकदा त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला, की त्या सामन्यात तो पुन्हा चेंडू टाकू शकत नाही.’

सगळी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. आपला कर्णधार बोलरला थांबवतो आणि तासाभरानं परत बोलावतो. चूक झाली तर दुरुस्त करता येते. बेसबॉलमध्ये ती सोय नाही.

सुरुवातीचा पिचर साधारण शंभर चेंडू टाकतो. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगानं शंभर चेंडू टाकल्यावर खांदा आणि कोपर यांचं काय होत असेल, याची कल्पना करा. म्हणून त्याला पुढं चार दिवस तरी विश्रांती देतात. १६२ सामन्यांच्या हंगामात पाच पिचर रहाटगाडग्यासारखे फिरत राहतात. याला तिथं रोटेशन म्हणतात, आपण पाळी म्हणू. पण बाद फेरी आली की ही पाळी मोडते. हरलं तर घरी जायचं असतं. मग पाचव्या, चौथ्या पिचरवर भिस्त कोण ठेवणार? सगळ्यांत चांगल्यालाच लवकर बोलवावं का? चार दिवसांऐवजी तीन दिवसांची विश्रांती चालेल का? दोन दिवसांची? आणि आला तर त्याला किती वेळ ठेवायचं? हिशेब मांडणारे सांगतात, फलंदाज त्याच पिचरसमोर तिसऱ्यांदा उभा राहिला की त्याला चेंडू ओळखीचे होतात, तेव्हा त्याआधीच पिचर बदला. जुनेजाणते म्हणतात, हिशेब राहू द्या, त्याच्या डोळ्यांत बघा.

हा वाद मी ऐकला तो मुलीच्या घराजवळच्या केशकर्तनालयात. दुकान एका मूळच्या जमैकाच्या गृहस्थांचं. केस कापायला माणशी पंधरा मिनिटं आणि वादाला दीड तास. त्यात दोघं ठरलेले. एक मोबाइलवर आकडे बघत बोलणारा कॉलेजातला पोरगा आणि दुसरे शहराची बस चालवून निवृत्त झालेले आजोबा. माझ्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं उरलेलं नाही, तरी मी तीन आठवड्यांत चार वेळा गेलो.

शनिवारी, १ नोव्हेंबरला सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मालिका तीन-तीन अशी बरोबरीत होती. त्या रात्री सातवा, निर्णायक सामना. टोरांटोचा पिचर ठरला होता मॅक्स शेर्झर. वय ४१. एक डोळा निळा, एक तपकिरी, आणि स्वभाव तापट. तो किती टिकेल आणि त्याच्यानंतर बावीस वर्षांच्या ट्रे येसावेजला आणावं का, यावर रण माजलं होतं. हा येसावेज त्याच वर्षी अगदी खालच्या श्रेणीच्या संघातून खेळायला लागलेला. पाचव्या सामन्यात त्यानं डॉजर्सचे बारा फलंदाज एकट्यानं टिपून बाद केले होते, पण त्याला जेमतेम दोन दिवस झाले होते.

पोरगा म्हणाला, शेर्झर तिसऱ्यांदा त्याच फलंदाजांसमोर जायच्या आत काढा. आजोबा काही बोलले नाहीत. दुकानाचे मालक कात्री थांबवून म्हणाले, ‘त्यालाच विचारा. तो सांगेल.’

यावर सगळे हसले, कारण दोनच आठवड्यांपूर्वीची गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होती. १६ ऑक्टोबरला सिअ‍ॅटलच्या मैदानावर, पाचव्या डावात, टोरांटोचे मॅनेजर जॉन श्नायडर शेर्झरला काढायला मैदानात गेले. बेसबॉलमध्ये मॅनेजर स्वतः चालत जातो आणि पिचरच्या हातातून चेंडू घेतो. मधल्या मातीच्या उंचवट्यापर्यंतचं ते अंतर हजारो लोकांसमोर चालायचं असतं. श्नायडर पोचतात न पोचतात तोच शेर्झर त्यांच्यावर खेकसला, मी ठीक आहे, जा. श्नायडर मागं फिरले. शेर्झरनं पुढचाच फलंदाज बाद केला, टोरांटो सामना जिंकलं आणि मॅनेजरचं कौतुक झालं. माणूस ओळखणारा मॅनेजर!

पण तारीख बघा. बरोबर बावीस वर्षांपूर्वी, १६ ऑक्टोबर २००३ ला, न्यूयॉर्कच्या मैदानावर हेच घडलं होतं. बॉस्टनचा रेड सॉक्स संघ आठव्या डावात यांकीजवर पाच-दोन असा पुढं होता. बॉस्टननं १९१८ पासून अजिंक्यपद पाहिलं नव्हतं. त्यांचा महान पिचर पेड्रो मार्टिनेझ सात डावांत शंभर चेंडू टाकून थकला होता. आठव्यात त्याला फटके बसू लागले, पाच-तीन झाले. मॅनेजर ग्रेडी लिटल चालत गेले आणि त्यांनी पेड्रोला विचारलं, अजून दम आहे का? पेड्रो ‘हो’ म्हणाला. लिटल परतले. पुढच्या दोन फलंदाजांनी बरोबरी साधली, अकराव्या डावात बॉस्टन हरलं. पेड्रोचे चेंडू झाले होते १२३. लिटल यांचा करार पुढं वाढवला गेला नाही.

प्रश्न एकच, उत्तर एकच. एकाला शाबासकी मिळाली, दुसऱ्याची नोकरी गेली.

मग आकड्यांचं ऐकावं, तर तेही आहेच. २०२० च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. टँपा बे संघाचा ब्लेक स्नेल अप्रतिम टाकत होता. ७३ चेंडूंत नऊ जण त्यानं तसेच टिपलेले, संघ एक-शून्यनं पुढं. मॅनेजर केव्हिन कॅश यांनी काही विचारलं नाही. तिसऱ्या फेरीचा हिशेब ठरलेला होता, त्यांनी चेंडू काढून घेतला. त्याच डावात डॉजर्सनं आघाडी घेतली आणि अजिंक्यपदही. पाच वर्षं उलटून गेली तरी लोक कॅश यांना माफ करायला तयार नाहीत.

आता त्या रात्रीचं सांगतो. शेर्झरनं पाचव्या डावापर्यंत नेटानं किल्ला लढवला. एकच धाव दिली आणि तीन-एक अशा आघाडीवर तो उतरला. येसावेजही नंतर आला. नवव्या डावात टोरांटो चार-तीननं पुढं, अजिंक्यपद दोन बळींवर आलेलं, तेव्हा डॉजर्सच्या मिगेल रोहासनं चेंडू प्रेक्षकांत भिरकावला आणि बरोबरी झाली. मग टोरांटोची फलंदाजी. एक बाद, दोघं धावपट्टीवर, एक चांगला फटका की काम फत्ते. चेंडू होता डॉजर्सकडून खेळणाऱ्या स्नेलच्या हातात. होय, तोच २०२० चा स्नेल. त्याच्या हातून चेंडू घेऊन मॅनेजरनी कुणाला बोलवावं? योशिनोबू यामामोटोला!

या जपानी पिचरनं २५ ऑक्टोबरला दुसरा सामना एकट्यानं १०५ चेंडूंत संपवला होता. २७ तारखेचा तिसरा सामना अठरा डाव चालला. इथं पहाटे तीनच्या सुमाराला संपला, नातवामुळं आम्ही जागेच होतो. त्यात एकोणिसावा डाव लागलाच तर म्हणून हाच गडी हात मोकळा करत होता. ३१ तारखेला सहाव्या सामन्यात ९६ चेंडू. आणि आता दुसऱ्याच रात्री, एका दिवसाचीही विश्रांती न घेता, परत. सकाळी दुकानात पोरगा म्हणाला होता, ‘यामामोटो? अशक्य.’ यामामोटोनं आणखी ३४ चेंडू टाकले आणि अकराव्या डावात डॉजर्स पाच-चार असे जिंकले. मालिकेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच.

माझी मुलगी बाळाला मांडीवर घेऊन रडत होती. तिचं शहर हरलं होतं. मला मात्र राहून राहून त्या हाताचं वाटत होतं.

अशा कौतुकाची किंमत कधी कधी नंतर चुकवावी लागते. १९६५ मध्ये डॉजर्सचाच सँडी कूफॅक्स, यहुदी धर्मातल्या योम किप्पूर या पवित्र दिवशी खेळणार नाही म्हणून पहिल्या सामन्याला आला नाही. अख्ख्या देशाची नजर असताना देवाचा दिवस देवाला देणारा तो माणूस मला रोजेदार म्हणून फार जवळचा वाटला. पण सातव्या सामन्यात अवघ्या दोन दिवसांच्या विश्रांतीवर तो उतरला आणि त्यानं एकही धाव न देता अजिंक्यपद मिळवून दिलं. पुढच्याच वर्षी, कोपराच्या संधिवातानं, तिसाव्या वर्षी तो निवृत्त झाला.

मंगळवारी मी पुन्हा दुकानात गेलो. वाद सुरूच होता. येसावेजला आणायला हवं होतं की नव्हतं? पोरगा आकडे सांगत होता, मालक ‘विचारायला हवं होतं’ म्हणत होते. तेव्हा बसवाले आजोबा पहिल्यांदा मोकळेपणानं बोलले. ते म्हणाले, ‘मी इतकी वर्षं बस चालवली. तास भरले की गाडीवरून उतरायचं. थकलास का, असं कुणी विचारत नसे. कारण थकलेला माणूस नेहमी नाहीच म्हणतो.’

श्रोतेहो, हे वाक्य ऐकलं आणि मी टोरांटोतून थेट इचलकरंजीत पोचलो.

माझे अब्बा तिथं यंत्रमागावर कामाला होते. दिवसपाळी संपवून डबा उचलायला लागले की दिवाणजी यायचे. ‘चाचा, आज बदली आला नाही. रात्रपाळी काढता का? जमेल का?’ अब्बा म्हणायचे, ‘काढतो की. त्यात काय.’ चुलीपाशी अम्मी आणि आम्ही पाच भावंडं, अब्बा दुसरं काय म्हणणार? अशाच एका जोडपाळीत, पहाटे, धोटा उडाला आणि त्यांच्या डाव्या डोळ्याखाली लागला. मागाचा आवाज बदलला की एरवी त्यांना लगेच कळायचं. त्या पहाटे कळलं नाही. डोळा वाचला, व्रण कायमचा राहिला. दिवाणजी दवाखान्यात आले होते. वाईट माणूस नव्हते. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘मी त्यांना विचारलं होतं. ते हो म्हणाले होते.’

तेव्हा मी आठवीत होतो. दिवाणजींचं म्हणणं मला खरं वाटलं होतं. विचारलं तर होतंच की! आता वाटतं, ज्याला नाही म्हणणं परवडत नाही त्याला विचारून आपण निर्णय त्याच्या गळ्यात घालतो. ‘जमेल का?’ हा प्रश्न फार मायेचा वाटतो, पण पुष्कळदा तो विचारणाराच त्याच्या आडोशाला उभा असतो.

मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘अब्बा, त्या पिचरना कोट्यवधी डॉलर मिळतात. दादांची आणि त्यांची कसली बरोबरी?’ खरं आहे तिचं. पेड्रोला आणि शेर्झरला मोह होता तो मोठेपणाचा. माझ्या अब्बांना मोह नव्हता, गरज होती. पण ‘हो’ दोघांचंही तितकंच कच्चं.

आणि एक फरक मला छळतो. त्या दुकानात एका अनोळखी माणसानं काल किती चेंडू टाकले, परवा किती, त्याच्या खांद्याला किती दिवसांची विश्रांती मिळाली, याचा हिशेब शाळकरी पोरांनाही पाठ होता. त्यामागं जिंकण्याची हाव होतीच. तरी कुणाच्या तरी थकव्याची मोजदाद गावभर चालली होती. अब्बांच्या पाळ्या मात्र कुणी मोजल्या नाहीत. कापड मीटरवर मोजलं जायचं.

त्या आकडेवाल्या पोराचा मला आधी राग यायचा. माणसाला आकड्यात बसवतो, असं कवीच्या तोऱ्यात वाटायचं. परतीच्या आदल्या दिवशी मी त्याच्याशी मुद्दाम हात मिळवला. मोजणं म्हणजे काळजी घेणं असू शकतं, हे मला त्यानं शिकवलं. मात्र मोजून झाल्यावर उंचवट्यापर्यंत चालत जायचं आणि हात पुढं करायचा, ते धाडस आकडे देत नाहीत. ते ज्याचं त्यालाच करावं लागतं, आणि चुकलं तर दोषही ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो.

तुमच्या घरातही कुणीतरी असं असेल. सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावरही ‘आणखी काही करू का?’ म्हणणारं. तिला आज ‘थकलीस का?’ असं विचारू नका. तिच्या हातातलं भांडं घ्या.

समोरच्या काचेतून मलाही आता वेळ संपल्याची खूण होते आहे. मला विचारलं असतं, तर मी आणखी दहा मिनिटं बोललो असतो. नमस्कार.