मागावरची चौकडी आणि पडद्यावरची फरशी

ऑक्टोबर १९३७ मध्यें महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. मुलांचें शिक्षण हस्तव्यवसायाच्या द्वारां व्हावें, हा तिचा गाभा. कातण्या-विणण्यांतूनच गणितहि उमगावें, ही तिची अपेक्षा. ती कितपत सार्थ आहे, याची परीक्षा आज संगणकाच्या पडद्यावर रंगीत फरशी रेखाटतांनाहि घेतां येते.

मागावर ताण्याचे ८ उभे व बाण्याचे ८ आडवे धागे आहेत असें समजूं. त्यांचे छेद ६४ होतात. पण विणकरास रंग ठरवावे लागतात ते अवघ्या १६ धाग्यांचे. साध्या विणींत एका छेदावर ताणा वर येतो, तर शेजारच्या छेदावर बाणा. जो वर, त्याचा रंग दिसतो. अर्थात् क्रमानें मांडलेल्या रंगांच्या दोन याद्या पुरतात. अशा यादीलाच संगणकाच्या भाषेंत ‘अ‍ॅरे’ म्हणतात.

फरशीची गोष्ट निराळी. तेथें प्रत्येक तुकड्याचा रंग स्वतंत्र. म्हणून ८ रांगा, दर रांगेंत ८ घरें, आणि दर घरांत एक स्वतंत्र वस्तु ठेवावी लागते. आपली रांग, आपला स्तंभ व आपला रंग त्या वस्तूसच ठाऊक असतो. ‘स्वतःस रंगव’ एवढी आज्ञा तिला पुरते. या पद्धतीचा पाया नॉर्वेंतील डाल व नीगोर यांच्या ‘सिम्युला’ भाषेनें १९६७ सालीं घातला. मोजणी बहुधा शून्यापासून होते. तुकडा ४० बिंदु रुंद असल्यास क्रमांक ३ चा स्तंभ डावीकडून १२० बिंदूंवर सुरू होतो.

नवशिके येथें एक चूक हटकून करतात. वस्तूंऐवजीं नुसत्या रंगांची एकच रांग तयार करून तीच आठहि ठिकाणीं लावतात. चित्र उत्तम उमटतें. पण एक तुकडा लाल करावा, तर सबंध स्तंभ लाल होतो! रांगा आठ दिसल्या, तरी वस्तुतः रांग एकच असते. फरशींत जो दोष, तोच मागावर धर्म होय: ताण्याचा एक धागा बदलला, कीं तो जेथें जेथें वर येतो, तेथें तेथें रंग पालटतो.

तयार आज्ञावली उतरून घेणाऱ्यास हा भेद दिसत नाहीं. धागा हातीं धरणाऱ्यास तो सांगावा लागत नाहीं. श्रोत्यांनीं चौकड्यांचें एखादें खादीचें वस्त्र भिंगाखालीं धरून मुलांस एवढेंच विचारावें: येथें सामाईक काय, आणि स्वतंत्र काय? उत्तर मुलांनीं स्वतः शोधलें, म्हणजे आज्ञावलीचें अर्धें काम झालें.