शिक्षण पुरे झाल्यावर
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आज सत्कार झालेल्यांपैकी काहींनी अभियांत्रिकीच्या पदवीवर व्यवस्थापनाचाही अभ्यास पुरा केला आहे. आता हातची नोकरी सोडून नवा व्यवसाय धरावा काय आणि त्यासाठी सांगली सोडावी काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे, व त्याहूनही अधिक त्यांच्या मातापित्यांपुढे, उभा आहे.

आपल्याच जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. रंगांधत्वामुळे यांत्रिक रेखाटनाकडे वळले व शिक्षक झाले. ती स्थिर नोकरी सोडून त्यांनी बेळगावी सायकलींचे दुकान मांडले, पुढे नांगर घडविले. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज! नांगर ओतण्याहून तो समज घालविणे कठीण होते. व्यवस्थापनशास्त्र म्हणतात ते याहून फारसे निराळे नसावे. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या अधिपतींनी दिलेल्या कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर ते १९१० साली आले. पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयातून १९२६ साली पदवी घेऊन याच माळावर परतले. पुण्यास गेले ते पुढे, ऑइल एंजिनांच्या कारखान्यासाठी.

तेव्हा गाव सोडणाऱ्यास बोल लावणे मला पसंत नाही. तेथे कोणते काम करणार, एवढे मात्र त्याने घरी नीट सांगावे. पगाराचा आकडा सर्वांस आधीच ठाऊक असतो! आणि पुण्याबंगळुरास स्थिरावलेल्यांनी आपले पत्ते मंडळाच्या कार्यालयात नोंदवावेत, म्हणजे नव्याने जाणाऱ्यास पहिल्या महिन्यात खोलीसाठी वणवण करावी लागणार नाही.