गांजाचें झाड आणि परवान्याचा कागद

बीड जिल्ह्यांतील दिंद्रुडसारख्या गांवीं अंबाडी कोणास अपरिचित नाहीं. तिच्या कोंवळ्या पाल्याची भाजी होते, सालीच्या वाखाचे दोर वळतात. शास्त्रज्ञांनीं तिला ‘हिबिस्कस कॅनाबिनस’ असें नांव दिलें, तें तिचीं पानें गांजाच्या पानांसारखीं दिसतात म्हणून. परंतु कायद्याच्या दृष्टीनें या दोन झाडांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. अंबाडी लावणारा शेतकरी निर्धास्त झोंपतो. विनापरवाना गांजा लावणाऱ्यास १९८५ च्या कायद्यानें दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊं शकते.

पूर्वीं असें नव्हतें. १८९३ सालीं सरकारनें या विषयाच्या चौकशीसाठीं आयोग नेमला, तेव्हां दिंद्रुड निजामाच्या राज्यांत होतें; आणि शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत गांजाची लागवड उघडपणें चाले. हजाराहून अधिक साक्षी नोंदवून आयोगानें अभिप्राय दिला कीं, संपूर्ण बंदीचें कारण नाहीं. कर व परवाने यांचा लगाम पुरे. तेंच पीक पुढें चोरटें ठरलें.

चोरट्या व्यापारांतून राजमार्गावर येण्याची वाट अमेरिकेंत दिसते. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं २०१६ सालीं बंदी उठविली. पुढील वर्षीं ओकलंड शहरानें आरंभींचे निदान निम्मे परवाने अल्प उत्पन्नाच्या अशा रहिवाशांसाठीं राखले कीं, ज्यांना याच गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली होती किंवा ज्यांच्या वस्तींत पोलिसांची धरपकड अधिक होती. हेतु न्याय्य होता. पण परवाना हातीं आला तरी भांडवल, जागेचें भाडें आणि कर यांपुढें पुष्कळांची दमछाक झाली. लपूनछपून धंदा करणाऱ्याजवळ धाडस असतें. हिशेबाची वही आणि पेढींतील पत नसते.

भारताच्या कायद्यानें फुलोऱ्यास गांजा म्हटलें. धागा व बीं यांसाठीं सरकारी परवानगीनें लागवड करण्याचें दार मात्र उघडें ठेवलें. त्या दारानें २०१३ सालीं मुंबईंतील कांहीं सुशिक्षित तरुणांची ‘बॉम्बे हेम्प कंपनी’ आंत शिरली. २०१८ मध्यें उत्तराखंडानें लागवडीचा पहिला परवाना दिला, आणि २०२१ मध्यें बीं व त्याचें तेल यांस खाद्यपदार्थ म्हणून मान्यता मिळाली. त्याच वर्षीं सोलापूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्यानें जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला: कोणत्याच पिकास भाव नाहीं, तरी शेतांत गांजा लावूं द्यावा.

गांजाच्या व्यसनाची हानि खरी आहे आणि बंदी सैल करावी कीं नाहीं हा वाद मोठा आहे. परंतु परवाने वाढणारच असतील, तर ते कोणाच्या हातीं पडतात हें आधींच पाहिलें पाहिजे. कंपनीजवळ वकील असतो, प्रयोगशाळा असते, वाट पाहण्याइतका पैसा असतो. कोरडवाहू शेतकऱ्याजवळ जमीन आणि एक अर्ज, एवढेंच असतें. त्या अर्जाची दाद लागण्याची सोय नसेल, तर कायदा बदलूनहि त्याच्या वांट्यास पूर्वींचीच भीति येईल.