शेत आपलं, पेरा दुसऱ्याचा

सिकंदराबादेतल्या बऱ्याच मराठी घरांची थोडीफार जमीन अजून गावी आहे. कुणाची नांदेडकडे, कुणाची परभणी-लातूरकडे. आपण रेल्वेत, बँकेत, शाळेत नोकरीला लागलो आणि इथलेच झालो. शेत मात्र गावातला कुणीतरी ठोक्यानं किंवा बटईनं करतो. पाडव्याच्या सुमारास फोनवर बोली होते, कागद कसलाच होत नाही. आज त्या शेत करणाऱ्या माणसाविषयी बोलायचं आहे.

लहान शेतकऱ्यासाठीची बहुतेक सरकारी मदत सातबारा पाहून मिळते. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये घ्या. जमीन ज्याच्या नावावर, तोच लाभार्थी. पण तो (चतुर्थ श्रेणी सोडून) सरकारी नोकर किंवा आयकर भरणारा असेल तर अपात्र. म्हणजे मालक इथे रेल्वेत अशा नोकरीत असेल तर त्याला पैसे नाहीत, आणि कसणाऱ्याचं नाव सातबारावर नाही म्हणून त्यालाही नाहीत! अतिवृष्टीची भरपाईही खातेदाराच्याच नावानं येते. बियाणं कसणाऱ्याचं, खत त्याचं, बुडालं त्याचं. रक्कम आपल्या खात्यावर.

हे कसणाऱ्याच्या ताटापर्यंत पोचतं. २०१५पासून मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांसह १४ जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्यांना २ रुपये किलोनं गहू आणि ३ रुपयांनी तांदूळ मिळत असे. २०२३पासून त्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये रोख सुरू झाले. तिथेही शेतकरी कोण, हे सातबाराच सांगतो. सोयाबीन काढून विकणाऱ्या घराला ज्वारी-तूर बाजारातूनच आणावी लागते, हे आपण इथे बसून विसरतो.

तेलंगणातही वेगळं नाही. २०१८ साली रयतु बंधू सुरू झाली तेव्हा एकरी हंगामाला ४,००० रुपये पासबुक असलेल्या पट्टेदाराला, म्हणजे मालकाला मिळाले; कौलु रैतूला, म्हणजे खंडानं कसणाऱ्याला नाही. याउलट अमेरिकेत मुख्य पीक-अनुदान देताना पिकाची जोखीम कोण घेतो ते पाहतात. जमीन रोख खंडानं दिली असेल तर रक्कम कसणाऱ्याची, वाट्यानं असेल तर ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे. तिथेही मोठा घास मोठ्या शेतांकडेच जातो, त्यामुळे फार कौतुक नको. पण एवढी एक गोष्ट घेण्यासारखी आहे.

मग आपण कसणाऱ्याला करार लिहून का देत नाही? कूळ लागेल म्हणून. ही भीती उगाच नाही. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. तिथला कूळकायदा १९५०चा, हैदराबादचाच. महाराष्ट्रात जमीन खंडानं द्यायला सरसकट बंदी नाही, पण कुळाला कायद्यानं जमीन विकत घेण्याचा हक्क मिळू शकतो, हे आपल्या आजोबांनी पाहिलेलं आहे. नीती आयोगानं २०१६ साली एक नमुना कायदा पुढे ठेवला: मालकाची मालकी शाबूत आणि खंडकऱ्याला कर्ज, विमा, भरपाई. तो राज्यानं स्वीकारायचा असतो. तोवर माझा सल्ला असा, की महसुलाची कामं करणाऱ्या वकिलाला विचारल्याशिवाय काही लिहू नका, पण भीतीपोटी न विचारताही राहू नका. मुदत किती, मालकी कुणाची, नुकसानभरपाई कुणाची, हे त्याच्याकडून नीट लिहून घ्या आणि करार नोंदवा. पीकविम्यात खंडकऱ्याला भाग घेता येतो, मात्र महाराष्ट्रात त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो.

ज्यांना करार जमणारच नाही त्यांनी निदान बोलीतच ठरवावं, की पाऊस जास्त झाला आणि भरपाई आली तर ती कसणाऱ्याला द्यायची, आणि पीक बुडालं तर त्या वर्षीचा ठोका किती कमी घ्यायचा. घरातल्या सगळ्यांसमोर ठरवा, भावाभावांत जमीन असेल तर विशेष करून. ई-पीक पाहणी, म्हणजे सातबारावर पेऱ्याची नोंद, कोण करणार हेही तसंच ठरवा. ती शेतात उभं राहून मोबाइलवर करावी लागते, सिकंदराबादेतून होत नाही. सातबारावरचा खातेक्रमांक आणि गट क्रमांक कसणाऱ्याला देऊन ठेवा, नाहीतर उभं पीक असताना सातबारावर पेरा कोरा राहतो आणि भरपाईच्या वेळी दोघंही तलाठ्याच्या दारात.

खरिपाच्या विम्याची मुदत साधारण जुलैअखेरीस संपते. नोंदणीला वेळ लागतो, तेव्हा वकिलाची गाठ मे महिन्यातच घ्या. सुट्टीत गावी जाणार असालच.