सर्पगंधा: ओळख आणि बियांपासून लागवड

सर्पगंधा ही कण्हेरीच्या कुळातली अर्धा ते पाऊण मीटर उंचीची बहुवर्षायू वनस्पती. सह्याद्रीच्या दमट जंगलात आणि कोकण-गोव्यात विरळ सावलीत ती आपोआप वाढते. मराठीत तिला अडकई, हरकी असेही म्हणतात.

फूल पांढरे आहे एवढ्यावरून ती ओळखू नये. पांढऱ्याखालचा लाल रंग पाहावा. फुलाची नळी बारीक, मध्याच्या जरा वर फुगलेली आणि बहुधा गुलाबी-जांभळट छटेची असते. तिच्या तोंडाशी पाच पांढऱ्या पाकळ्या पसरतात. नळीखालचा देठ मात्र ठळक लाल. पांढरे झुबके आणि लाल देठ एकत्र दिसले की निम्मी खात्री पटते. उरलेली खात्री पानांवरून करावी. एका पेऱ्याभोवती बहुधा तीन, कधी चार गुळगुळीत पाने येतात. वरून गडद, खालून फिकट. फळ हिरव्यावरून थेट जांभळट काळ्यावर जाते.

फसगत होते ती तिच्याच एका नातेवाईक झुडपामुळे. बडी चंद्रिका हे मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतले झुडूप आता महाराष्ट्रात ओसाड जागी सर्रास वाढते. त्याच्या पेऱ्याला लहानमोठी चार पाने असतात, फूल अगदी बारीक, आणि फळ पिकताना आधी लाल होऊन मग काळे पडते. बाजारात याची मुळे सर्पगंधा म्हणून मिसळली जातात. दोन्हींतली द्रव्ये सारख्या प्रमाणात नसल्याने ही भेसळ औषधाच्या मात्रेचा हिशेबच बिघडवते.

सर्पगंधेच्या मुळाचा उपयोग रक्तदाब उतरवण्यासाठी होतो. या उपयोगाचा मुंबईशी दुवा आहे. 1931 साली सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी दिल्लीत या मुळातून अजमलिन हे अल्कलॉइड वेगळे केले. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील अनुभव 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. तो लेख वाचून बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी चाचण्या हाती घेतल्या. 1952 साली बाझेलच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी रेसर्पिन हे रक्तदाब उतरवणारे अल्कलॉइड वेगळे केले आणि जगभरातून या मुळाला मागणी आली. ती भागवली भारतातल्या जंगलांनी. औषध मुळांत असते, म्हणजे प्रत्येक किलो मालामागे झाडे समूळ उपटली जाणार. 1990 पासून सर्पगंधा वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, ती या ओरबाडण्यामुळे. मुंबईतल्या एका लेखाने जिची कीर्ती जगभर नेली, ती वनस्पती सह्याद्रीत शोधावी लागावी, याची जबाबदारी आपल्यावर आहे. म्हणून ती लावलीच पाहिजे, आणि बियांपासून लावली पाहिजे.

यावर शेतकऱ्यांचा आक्षेप रास्त आहे: बी नीट उगवत नाही, मुळाचा तुकडा लवकर फुटतो. बियांपैकी पुष्कळ पोकळ असतात हे खरेच. पण मुळाच्या तुकड्यासाठी आधी एक झाड खणावे लागते, आणि बियांच्या रोपाला मुळेही जास्त भरतात. उगवण सुधारण्याचा उपाय सोपा आहे. बी ताजे घ्यावे, गर चोळून धुवावा आणि रात्रभर पाण्यात भिजत ठेवावे. सकाळी तरंगणारे काढून टाकावे. तळाशी बसलेलेच पेरावे.

मे महिन्यात सावलीतल्या गादीवाफ्यावर पेरणी करतात. कोंब एकदम येत नाहीत, महिनाभर मागेपुढे येत राहतात, त्यामुळे वाफा घाईने मोडू नये. चार-सहा पानांची रोपे पावसाळ्यात शेतात लावतात. दोन ओळींत साठ आणि दोन रोपांत तीस सेंटिमीटर अंतर पुरते. जमीन भुसभुशीत, शेणखत घातलेली, किंचित आम्लधर्मी आणि निचऱ्याची असावी. पाणी साचले की मूळ कुजते. आंब्या-नारळाच्या बागेतली विरळ सावली तिला मानवते. पहिल्या वर्षी खुरपणी चुकवू नये. बी हवे तेवढ्याच झाडांवर फुले ठेवून बाकीची खुडली तर मुळे पोसतात.

आता काढणीचे थोडक्यात. दीड ते तीन वर्षांनी, हिवाळ्यात पाने गळाली की खणतात. मुळे खोल जातात. आधी हलके पाणी देऊन खणल्यास तुटत नाहीत. बहुतेक अल्कलॉइडे सालीत असतात, म्हणून मुळे धुताना साल खरवडू नये. घरी मुळी उगाळून घेणे कटाक्षाने टाळावे: रेसर्पिनने रक्तदाब फार खाली जाऊ शकतो, मन खचू शकते. मुळे पूर्ण वाळवून कोरड्या, हवेशीर जागी ठेवावीत. ओल राहिली तर बुरशी धरते.