अध्यक्ष उभे राहिले की…
(विद्यार्थी संसदेच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



मघाशी तुमच्या संसदेच्या विरोधी पक्षनेत्याने मला विचारले, "सर, खरे खासदारच एवढा आरडाओरडा करतात, मग आम्हीच का शांत बसायचे?" प्रश्न बिनतोड आहे. तयार करून आणलेले भाषण मी खिशात ठेवतो आणि त्यालाच उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

लोकसभेच्या नियमांतले काही तुम्हांला अगदी घरगुती वाटतील. आत येताना आणि बाहेर जाताना अध्यक्षांच्या आसनापुढे मान लववायची. बोलणारा सदस्य आणि अध्यक्ष यांच्या मधून जायचे नाही. अध्यक्ष उभे राहिले की बोलणाऱ्याने तत्काळ खाली बसायचे. आणि जे काही बोलायचे ते अध्यक्षांना उद्देशून. हा शेवटचा नियम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. "तू खोटे बोलतोस" हे तोंडावर फेकता येते. पण "अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांची माहिती चुकीची आहे" एवढे लांब वाक्य पुरे होईपर्यंत निम्मा राग उतरतो. (पालकांनी हा प्रयोग घरीही करून पाहावा. अध्यक्षस्थान अर्थातच आईकडे!)

घटनेच्या 105 व्या कलमानुसार सभागृहातल्या भाषणाबद्दल खासदारावर कोर्टात खटला चालत नाही. म्हणजे तेथे कुणाची अब्रू गेली, तर त्याला दाद मागायला जागा नाही. म्हणूनच एखाद्यावर आरोप करायचा तर अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्यांना आधी सूचना द्यावी लागते.

पण शिस्त फक्त सदस्यांनाच का? पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे मूळच्या रत्नागिरीकडच्या घराण्यातले. 18 डिसेंबर 1954 रोजी त्यांनाच पदावरून दूर करण्याचा ठराव सभागृहापुढे आला. अशा वेळी अध्यक्षांना त्या आसनावर बसता येत नाही. उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार यांनी कामकाज चालवले. काँग्रेसचे बहुमत प्रचंड होते, तरी पंतप्रधान नेहरूंनी आपल्या सदस्यांना सांगितले की, या प्रश्नावर पक्षादेशाचे बंधन मानू नका. ठराव फेटाळला गेला, पण चर्चा होऊन फेटाळला गेला.

पुढे चित्र पालटले. 15 मार्च 1989 रोजी लोकसभेतून एकाच दिवशी 63 सदस्य निलंबित झाले. 2001 साली नवा नियम आला: जो आसनासमोरच्या मोकळ्या जागेत उतरून गोंधळ घालील आणि ज्याचे नाव अध्यक्ष घेतील, तो आपोआप निलंबित. डिसेंबर 2023 च्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतून मिळून 146 जण निलंबित झाले. संसदेच्या सुरक्षेत झालेल्या गफलतीवर सरकारने निवेदन करावे, एवढी त्यांची मागणी होती. मागणी रास्त होती असे मी म्हणेन. पण ते बाहेर असताना मोठमोठी विधेयके मंजूर झाली, हेही खरे.

एक स्वतःची गोष्ट सांगतो. मी एके काळी एका लहान नगरपालिकेचा सदस्य होतो. मुलींच्या शाळेला पाण्याची टाकी हवी होती. आम्ही विरोधातले चौघे. बोलू देईनात, म्हणून आम्ही टेबले बडवली, घोषणा दिल्या. त्या गोंगाटात विषयपत्रिकेवरचे सारे विषय एका दमात 'मंजूर, मंजूर' झाले. घसा बसेपर्यंत ओरडून आम्ही विजयी वीरांसारखे घरी गेलो. नंतर इतिवृत्त हातात आले. त्यात टाकीचे नावही नव्हते. 'सभेत गोंधळ झाला' एवढी एक ओळ होती. ज्यांच्याकडे हात जास्त, त्यांना गोंगाट परवडतो. आम्हा चौघांकडे बोलण्यावाचून दुसरे काही नव्हते, आणि तेच आम्ही घालवून बसलो. पुढच्या सभेत आम्ही लेखी प्रश्न दिला, उत्तर मिळेना तेव्हा पुन्हा दिला. टाकी व्हायला दोन वर्षे लागली.

तेव्हा विरोधी पक्षनेते, पहिला प्रश्न तुमचाच असू द्या. लेखी आणला आहे ना? आणि अध्यक्षबाई, तो वाचून होईपर्यंत सत्ताधारी बाकांवरून कुणी हसले, तर आपण उभ्या राहा.