एवढें कळावयास नको काय?



माझ्या मास्तरकीच्या काळांतील एक गोष्ट प्रथम सांगतों. हिवाळ्यांतील एका सकाळीं पांचवींतील दोन मुलांनीं शाळेमागें पालापाचोळा पेटवून शेकोटी केली. घंटा झाली, मुलें वर्गांत आलीं, आणि मागें कुडाचें कुंपण जळून गेलें. मीं दोघांना उभें करून म्हटलें, “एवढें कळावयास नको काय?” आणि छड्या मारल्या. मीं योग्य तेंच केलें, असें मला पुष्कळ वर्षें वाटत होतें.

इंग्लंडांतील कायदाहि एकेकाळीं माझ्यासारखाच बोलत असे. तेथील १९७१ च्या कायद्यान्वयें, कायदेशीर सबब नसतां दुसऱ्याची मालमत्ता हेतुपुरस्सर किंवा बेपर्वाईनें बिघडविणें वा नष्ट करणें हा गुन्हा होय. ती आग लावून केली, तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. परंतु बेपर्वाई कशास म्हणावें? त्या वेळचें सर्वोच्च न्यायपीठ म्हणजे उमरावांची सभा. तिनें १९८१ सालीं ठरविलें कीं, सामान्य समंजस माणसास उघड दिसणाऱ्या धोक्याचा आरोपीनें विचारच केला नसला, तरी तो बेपर्वाच. त्याचें वय व समज यांना त्यांत जागा नव्हती.

ऑगस्ट २००० मध्यें न्यूपोर्ट पॅग्नेल या गांवीं अकरा व बारा वर्षांच्या दोन मुलांनीं एका दुकानामागें वर्तमानपत्रें पेटवून कचऱ्याच्या मोठ्या डब्याखालीं टाकलीं, व तीं निघून गेलीं. कागद फरशीवर आपोआप विझतील, अशी त्यांची समजूत होती. आग छपरापर्यंत पोंचली. नुकसान सुमारें दहा लक्ष पौंडांचें झालें. जुन्या कसोटीप्रमाणें मुलें दोषी ठरलीं. परंतु ऑक्टोबर २००३ मध्यें उमरावांच्या सभेनें तो निकाल रद्द केला व आपली जुनी कसोटीहि मोडली. आतां प्रश्न असा विचारतात: धोका त्या आरोपीस स्वतःस जाणवला होता काय, आणि जाणवूनहि तो पत्करणें गैरवाजवी होतें काय?

आपल्या १८६० च्या दंडसंहितेनें ‘आगळीक’ या गुन्ह्यासाठीं पहिल्यापासूनच नुकसानीचा उद्देश किंवा तिच्या संभवाची जाणीव आवश्यक मानली. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२४ व्या कलमांतहि तीच अट आहे.

कोणी म्हणेल, मग ‘मला ठाऊक नव्हतें’ असें प्रत्येकजण सांगेल! सांगेल खरा, पण न्यायालय केवळ शब्दावर विसंबत नाहीं. वय, प्रसंग, वर्तन यांवरून तें अनुमान काढतें. दुकानदाराच्या भरपाईचा प्रश्नहि रास्तच आहे. परंतु तो शिक्षेहून निराळा आहे.

आमच्या शाळेचें कुंपण आठ दिवसांत पुन्हा उभें राहिलें. “हें पेटेल असें तुम्हांला वाटलें होतें काय?” हा प्रश्न मात्र मीं त्या मुलांना कधींच विचारला नाहीं. आपल्या घरीं कांहीं फुटलें वा जळालें, तर हात उगारण्यापूर्वीं तो अवश्य विचारावा.